तार टेकवली, तार उचलली

गाडीच्या कॉइलबद्दल मला कोणी शिकवायला जाऊ नये! सव्वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतोय आणि सव्वीस वर्षं फळ्यावर कॉइलची आकृती काढतोय. थोडी वेटोळी पिवळ्या खडूनं, भरपूर वेटोळी निळ्या खडूनं. डोळे मिटून काढतो! एकदा दुपारच्या तासाला खरोखरच डोळे मिटले होते, तरी एक वेटोळं चुकलं नाही.

आता, गाडीतली खरीखुरी कॉइल मी कधी हातात घेतली नव्हती, हे कबूल. शाळेच्या प्रयोगशाळेत एक आहे. पण ती कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली ज्या शिपायाकडे होती तो निवृत्त होताना ती खिशात घालून घरी गेला. म्हणून काय झालं? पोहण्यावर पुस्तक लिहिणाऱ्यानं पाण्यात पडलंच पाहिजे असं थोडंच आहे!

तेव्हा गुरुवारी ताईचा फोन आला आणि ‘कॉइल’ हा शब्द माझ्या कानावर पडला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

"मेकॅनिक येऊन गेला," ताई म्हणाली. "बोनेट उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे असं तोंड करून बघितलं, की मला वाटलं आत कोणीतरी गेलंय."

"काय म्हणाला?"

"ठिणगीच पडत नाही म्हणाला. कॉइल गेलीय, आणि एवढ्या जुन्या गाडीची कॉइल आता मिळायची नाही. नवी बॅटरी बसवून गेला बिचारा, पण जाताना म्हणाला, कापड घाला वरून आणि विसरून जा."

"ताई, फोन ठेव! रविवारी मी येतो. अकराच्या ठोक्याला दाजी गाडीत बसलेले असतील!"

मग ती म्हणाली, "खरंच रे?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी मी काहीही ठोकून दिलं की "गप बस, शहाण्या" हे तिचं ठरलेलं उत्तर. तिनं मला "खरंच रे?" असं कधी विचारलंच नव्हतं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

आधी दाजींचं सांगायला हवं. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले, ते वाकलेच. मेंदूतली कुठलीशी बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला, पाय हळूहळू परत आले, उजवा हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र आलं नाही. म्हणजे अगदी सगळं गेलं असंही नाही. एक शब्द राहिला.

‘बंद.’

चहा हवा असला तरी ‘बंद’, नको असला तरी ‘बंद’. ताईवर चिडले की ‘बंद!’ आणि ती डोळे पुसायला लागली की डावा हात तिच्या डोक्यावर ठेवून हळूच ‘बंद, बंद’. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, डोक्यात शब्दही आहेत. फक्त बाहेर यायची वाट अडलीय.

आणि हा माणूस कोण, तर ज्याला बोलताना थांबवायला दुसऱ्या खोलीतून हाका माराव्या लागायच्या! त्यांचा जीव त्या गाडीत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली, बदामी रंगाची, बेडकासारखे वर आलेले दिवे असलेली गाडी. तीस वर्षांत त्यांनी तिचा एक स्क्रू दुसऱ्याला फिरवू दिला नाही. मला तर बोनेटला हातही लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "सर, तुम्ही आपले फळ्याजवळच बरे!"

आजारपणापासून दाजी घराबाहेर पडले नव्हते. तपासणीला न्यायला भाड्याची गाडी आली, की दाराची चौकट अशी घट्ट धरायचे, की चौकट निघेल पण दाजी निघणार नाहीत. शेवटी डॉक्टरच घरी यायला लागले. दिवसभर दाजी खुर्चीत बसून गाडीच्या शेडकडे बघत राहायचे. ताईच्या मनानं एकच धरलं होतं, की पडतील बाहेर तर आपल्या गाडीतूनच.

रविवारी नऊ वाजता मी हजर झालो. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातभर तार, डबाभर ताजं पेट्रोल, रंगीत खडू असा सगळा जामानिमा घेऊन. शॉक लागू नये म्हणून बायकोचे भांडी घासायचे रबरी हातमोजेही आणले होते. शेडमध्ये पिशवी उघडली तर दोन्ही मोजे डाव्या हाताचे निघाले! मग एक डाव्या हातात घातला आणि उजव्या हाताला म्हटलं, तू जरा जपून राहा.

शेडमध्ये अंधार होता. शेडसमोर अंगणाकडे उतरता सिमेंटचा उतार होता आणि गाडीचं तोंड बाहेर होतं. मी हँडब्रेक सोडला, मागून रेटा दिला, गाडी हातभर उजेडात आली आणि पुढच्या चाकाखाली वीट सरकवली. हँडब्रेक परत ओढायचा असतो, हे मला माहीत होतं. पण वीट होती ना!

उताराच्या पायथ्याशी, उन्हात, दाजींची खुर्ची होती. ती जागा त्यांनीच बोट दाखवून पसंत केली होती. तिथून बोनेटच्या आतलं सगळं दिसायचं. त्यांनी विटेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बंद," ते म्हणाले.

"हो हो दाजी, आता चालूच करायचीय!" मी म्हणालो आणि शेडच्या दारावर खडूनं आकृती काढायला घेतली.

तीस वर्षं ती गाडी खोलून जोडणाऱ्या माणसाला मी कॉइल समजावून सांगितली! आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. "बघा दाजी, बॅटरी बारा व्होल्टची. तेवढ्यात प्लगला साधी शिंकही येणार नाही. म्हणून मध्ये कॉइल. ही म्हणजे धनुष्य समजा! डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, त्याच्या आत हे दोन पॉइंट असतात, छोटंसं बटणच म्हणा ना. पॉइंट जुळले की कॉइलमध्ये करंट शिरला, दोरी ताणली. पॉइंट सुटले की करंट तुटला आणि बाण सुटला! ठिणगी!"

दाजींनी डोळे मिटले होते.

"मन लावून ऐकतायत," मी ताईला म्हणालो.

"झोपेचं सोंग आहे ते," ताई म्हणाली. "लग्नापासून बघतेय."

माझा बेत मात्र बिनतोड होता. मेकॅनिकनं ठिणगी नाही एवढंच बघितलं होतं. पण दोष कॉइलचा, की तिला चालू-बंद करणाऱ्या पॉइंटचा, हे कुठे बघितलं होतं? तेव्हा पॉइंटचं काम आपणच हातानं करायचं. कॉइलच्या एका बारीक टोकाला तार जोडायची. तारेचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवायचं आणि उचलायचं, टेकवायचं आणि उचलायचं. कॉइलच्या डोक्यातून निघणारी जाड केबल लाकडी चिमट्यात धरून इंजिनापासून गव्हाच्या दोन दाण्यांच्या अंतरावर ठेवायची. कॉइल जिवंत असेल, तर त्या फटीत ठिणगी पडणारच!

ताईला स्टिअरिंगपुढे बसवलं, चावी फिरवायला. बोनेट उघडं असल्यामुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं.

"चावी!"

"दिली!"

तार टेकवली. डोळे फाडून फटीकडे बघितलं. काही नाही. तार उचलली आणि बोनेटच्या कडेनं मान बाहेर काढून ताईला म्हटलं, "काही नाही गं!"

"बंद," दाजी म्हणाले.

पुन्हा टेकवली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. काही नाही. उचलली, मान बाहेर. "नाही!"

"बंद!"

मी जोरात टेकवून बघितली. हळू टेकवून बघितली. एकदा बेसावध गाठावं म्हणून दुसरीकडे बघत असल्यासारखं करून पटकन टेकवली. काही नाही! आणि दर वेळी पाठीमागून दाजींचा ‘बंद’ वाढत्या आवाजात. खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटायला लागले.

"अहो, ऊन लागतंय का?" ताई उतरून आली, त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, परत जाऊन बसली.

"बंद!"

ती पुन्हा आली, टोपी काढली. मग पाणी दिलं. मग पायावरची शाल काढली. मग परत घातली. दाजींनी ती शाल उचलून जमिनीवर फेकली आणि माझ्याकडे बोट रोखून ओरडले, "बंद! बंद! बंद!"

मला वाटलं, कळलं मला. त्यांना हे सगळं थांबवायचं होतं. आपल्या लाडक्या गाडीशी मी चालवलेला खेळ त्यांना बघवत नव्हता.

पाऊण तास झाला होता. घामानं डावा हात मोज्यात पोहत होता. मी ताईच्या खिडकीशी गेलो आणि खाली बघत म्हणालो, "मेकॅनिक बरोबर होता बहुतेक."

ताई स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत राहिली. पुसून झालेली जागाही पुन्हा पुसली. मग म्हणाली, "अजून एकदा कर."

एवढ्यात फाटक धाडकन उघडलं आणि शेजारचे तारमास्तर आत घुसले. वय ऐंशी. चाळीस वर्षं तारखात्यात नोकरी. टकटक ऐकून कागदावर मजकूर उतरवायचा, हे काम. आता कानानं जरा कमी, त्यामुळे त्यांचा रेडिओ अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. एका हातात छोटा रेडिओ, दुसऱ्या हातात कागद-पेन्सिल, पायात दोन वेगवेगळ्या चपला!

"कोण बोलतंय?" ते गरजले. "कोण बोलतंय म्हणतो मी इथून!"

"इथे कोणी बोलत नाहीये, काका," ताई म्हणाली. बिचारी, खरं तेच म्हणाली.

"खोटं! पाऊण तास कोणीतरी टकटक संदेश पाठवतंय! माझ्या बातम्या बुडवल्या! आवाज जिकडे मोठा होतो तिकडे चालत चालत आलोय. मी सगळं उतरवून घेतलंय!" त्यांनी कागद माझ्या नाकासमोर धरला. "पाठवणारा अगदी नवशिका. इतका वाईट हात चाळीस वर्षांत ऐकला नाही. पण मध्येच एक शब्द स्वच्छ आलाय."

"कोणता?"

"‘बैल’. दोनदा!"

मी तो कागद हळूच नाकासमोरून बाजूला सारला.

"ऐका तुम्हीच!" त्यांनी रेडिओ वर धरला. नुसती खरखर. "थांबला लबाड!"

मी कंटाळून, नुसतंच हाताला काहीतरी चाळा म्हणून, तार टेकवली. खरखर. तार उचलली.

*टक्!*

तारमास्तर जागच्या जागी उडाले. "हाच! हाच तो!"

मी तारेकडे बघितलं. रेडिओकडे बघितलं. टेकवली. खरखर. उचलली. *टक्!*

"काका," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "हे टक् नेमकं कधी येतंय?"

"कधी म्हणजे? उचलताना! टेकवताना काही नाही, उचलताना टक्! कुठे लक्ष आहे तुमचं?"

कुठे होतं माझं लक्ष? टेकवताना फटीकडे, उचलताना ताईकडे! मी पुन्हा तार टेकवली. या वेळी फटीवरची नजर हलवली नाही. उचलली. आणि गव्हाच्या दोन दाण्यांच्या त्या जागेत एक निळीशार, टपोरी ठिणगी चट्कन उडी मारून गेली!

पॉइंट सुटले की बाण सुटला. करंट तुटला की ठिणगी. माझ्याच हस्ताक्षरात, दोन रंगांत, शेडच्या दारावर लिहिलेलं होतं! करंट चालू झाल्यावर नाही. करंट बंद झाल्यावर.

बंद.

आम्ही तिघांनीही दाजींकडे बघितलं. ते आता अगदी शांत बसले होते. सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाला शेवटी गणित सुटावं आणि गुरुजींनी दमून खाली बसावं, तसे. त्यांनी डावा हात उचलून तार टेकवल्यासारखा केला, मग उचलला.

"बंद," ते म्हणाले.

"म्हणजे ह्यांना ऊन लागत नव्हतं?" ताईनं खिडकीतून विचारलं.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच दाजींच्या ‘बंद’चा अर्थ खरोखर ‘बंद’ होता, आणि नेमके त्याच दिवशी आम्ही त्याचे सतरा अर्थ लावत बसलो होतो!

इथे थांबायला हवं होतं मी. पण आनंद झाला की माझ्यातला शिक्षक उफाळून येतो.

"ताई!" मी ओरडलो. "कॉइल जिवंत आहे! काका, बघा, इथून, ह्या अशा इथून, वीस हजार व्होल्ट..." डाव्या हातानं मी तार उचलली आणि उजव्या हाताच्या बोटानं ‘इथून’ दाखवलं. दाखवलं म्हणजे, लावलं. उजव्या हाताला मोजा नव्हता, हे मी मघाशी सांगितलंच आहे.

वीस हजार हा आकडा बरोबर आहे. मी स्वतः मोजला!

त्यानंतर जे झालं ते एका श्वासात झालं. कोपर मागे उडून बोनेटच्या टेकूला लागलं. टेकू निसटला. बोनेट माझ्या पाठीवर पडलं. मी मगरीच्या तोंडात अर्धा गेलेल्या माणसासारखा कमरेपासून वर गाडीत, कमरेपासून खाली बाहेर! पाय झाडले, त्यातला एक कशावर तरी बसला. ते कशावर तरी म्हणजे वीट होती.

गाडी निघाली.

फार जोरात नाही. एखादी म्हातारी गाय आळस देऊन चालायला लागावी, तशी निघाली. पण उतारावर होती आणि समोर दाजींची खुर्ची होती. दाजींना खुर्चीतून उठायला ताईचा हात आणि दोन मिनिटं लागायची.

"ब्रेक!" मी बोनेटखालून किंचाळलो. पण तो आवाज माझ्याच कानात परत आला. मडगार्डवर पोट, जमिनीवर पावलं, मी गाडीबरोबर तिरका तिरका चालत होतो.

ताईनं आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. तिनं हाताला लागेल ते दाबलं. हॉर्न वाजला. वायपर सुरू झाले. दिवे लागले. तारमास्तर दोन्ही हात पसरून गाडीला "थांब, थांब" म्हणू लागले, जसं काही ती ऐकणार होती.

"हँडब्रेक!"

आवाज भरदार होता, मोठा होता, आणि मला तो ओळखायला एक क्षण लागला, कारण आठ महिन्यांत त्यातून ‘बंद’शिवाय दुसरा शब्द ऐकला नव्हता.

"हँडब्रेक ओढ! ओढ गं!"

ताईनं दोन्ही हातांनी तो दांडा धरला आणि सगळा जीव लावून ओढला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि थांबली. बंपर आणि दाजींचे गुडघे, यांच्यात एक हात अंतर राहिलं असेल, जास्त नाही.

नुसते वायपर कोरड्या काचेवर कुई-कुई करत होते.

मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. ताई धावत जाऊन दाजींच्या पायाशी बसली. "काय म्हणालात? अहो, काय म्हणालात तुम्ही?"

दाजी स्वतःच चकित झाले होते. आपल्या ओठांना हात लावून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, फार प्रयत्न केला, कपाळावरच्या शिरा दिसायला लागल्या.

"बंद," ते म्हणाले.

पण ताई हसत होती आणि रडत होती आणि त्यांचा हात आपल्या गालावर घासत होती. तारमास्तरांनी कागद उलटा केला, घड्याळ बघितलं आणि लिहून घेतलं: ‘दहा वाजून बावन्न मिनिटं. हँडब्रेक.’

"मला कोणी बाहेर काढता का?" मी बोनेटखालून म्हणालो.

"थांब रे जरा!" ताई म्हणाली.

बऱ्याच वेळानं त्यांना माझी आठवण झाली. बाहेर निघालो तेव्हा पाठीवर बोनेटच्या कडेचा ठसा होता आणि उजवा हात खांद्यापर्यंत गुणगुणत होता. दाजींनी खुणेनं खुर्ची जवळ घ्यायला सांगितली. कॉइल ठणठणीत, म्हणजे गुन्हेगार पॉइंट, हे आता मलाही कळत होतं. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आत ते दोन चिमुकले पॉइंट आठ महिने स्वस्थ बसून काळेकुट्ट झाले होते. जुळत होते, पण त्या काळपटीतून करंट जात नव्हता.

मी खरखरीत पॉलिश पेपर घेऊन त्यांच्यावर तुटून पडलो.

"हळू!" दाजी म्हणाले.

तारमास्तरांनी लगेच लिहून घेतलं: ‘हळू.’

ताई लगेच त्यांच्यासमोर वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "शाब्बास! आता म्हणा बघू, पॉ-इंट."

"बंद," दाजी म्हणाले.

मी पॉइंट सोडवून, पुसून, परत बसवायला गेलो.

"उलटा!" दाजी म्हणाले.

हळूहळू आमच्या लक्षात यायला लागलं. प्रेमानं विचारलं की ‘बंद’. पण मी काही घोळ घातला, की दाजींच्या डोक्यात संतापाची एक कळ उठायची आणि तिच्याबरोबर एखादा शब्द आडवाटेनं बाहेर पडायचा! एक बारीक स्क्रू माझ्या हातातून निसटून थेट डिस्ट्रिब्युटरच्या पोटात गेला, तेव्हा तर एक असा शब्द आला, की तो तारमास्तरांनी आधी लिहिला आणि ताईकडे बघून खोडला.

ताई माझ्या कानाशी आली. "अजून काहीतरी चुकव ना रे."

"मी मुद्दाम नाही चुकत, ताई!"

"माहितेय मला. म्हणूनच तर!"

शेवटी तारमास्तरांनी मला बाजूला सारलं. तार पाठवायच्या किल्लीलाही असेच दोन पॉइंट असतात म्हणे, आणि चाळीस वर्षं ते रोज सकाळी त्यांनी स्वतः साफ केले होते. त्यांनी बारीक कागदाची पट्टी कापली, पॉइंटच्या मध्ये घातली आणि हलक्या हातानं मागेपुढे ओढली. पोटात पडलेला स्क्रू बाहेर काढून दाजींनी तो आवळला, डाव्या हातानं. दोन पॉइंटमधली फट बघायला दोघांची पांढरी डोकी एकमेकांना टेकली. एकाला नीट ऐकू येत नव्हतं, एकाला नीट बोलता येत नव्हतं, आणि दोघांचं काही अडलं नाही. मी स्क्रू ड्रायव्हर धरून उभा होतो. तोसुद्धा दाजींनी माझ्या हातातून काढून घेतला.

"चावी!" मी म्हणालो. एवढं तरी काम माझ्याकडे राहिलं होतं.

ताईनं चावी फिरवली. इंजिन कण्हलं. पुन्हा फिरवली. खोकलं. तिसऱ्यांदा मागून काळ्या धुराचा एक मोठा ढग निघाला, त्यातून कसल्याशा चिंध्या आणि सुतळ्या उडाल्या, बहुधा उंदराचा संसार, आणि गाडी सुरू झाली! आधी लंगडत, मग एकसारखी, मग अगदी तालात.

तारमास्तरांनी रेडिओ कानाला लावला. "आता फारच भरभर बोलतोय," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "उतरवता येत नाही."

अकराचे सव्वाअकरा वाजले होते. दाजी ताईचा हात धरून उठले. आधी ड्रायव्हरच्या दाराशी गेले आणि स्टिअरिंगकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. ताईनं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. मग ते तसेच बोनेटला हात लावत लावत फिरून पलीकडे गेले आणि शेजारच्या जागेवर बसले. दाराची चौकट धरली नाही. दार ओढून घेतलं, स्वतः.

मी गाडी चालवली. मागे ताई आणि तारमास्तर. फाटकातून बाहेर पडलो, पेठेतून गेलो, जुन्या तार ऑफिसवरून गेलो, नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत आलो. दाजींनी खिडकी उघडली होती आणि कोपर बाहेर काढलं होतं. वाटेत त्यांच्याकडून आठ शब्द निघाले. त्यात ‘क्लच’ चार वेळा आला, ‘गिअर’ तीन वेळा आणि ‘अरे देवा’ एकदा. ताईच्या मते ‘अरे देवा’ हे दोन शब्द धरायला हवेत.

मंगळवारी दाजींना बोलायचा सराव देणाऱ्या बाई आल्या. अतिशय मऊ बोलणाऱ्या, शांत बाई. चित्रांची कार्डं घेऊन आठवड्यातून दोनदा यायच्या. आठ महिने ‘फूल’, ‘पान’, ‘मासा’ दाखवत होत्या आणि आठ महिने ‘बंद’ ऐकत होत्या. ताईनं त्यांना तारमास्तरांचा कागद दाखवला. बाईंचा विश्वास बसेना. मग त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं.

"तुम्ही नेहमीसारखं काहीतरी करा," बाई मला म्हणाल्या.

"म्हणजे काय करू?"

"काहीही."

मला काही सुचेना. कोपऱ्यातलं टेबल-घड्याळ मागे पडलं होतं, ते जुळवावं म्हणून मी उचललं, मागची किल्ली फिरवली, आणि ती हातात आली.

"ठेव ते!" दाजी कडाडले. "ठेव खाली! हात नको लावूस!"

बाईंनी डोळे मोठे केले. चष्मा पुसला. वहीत काहीतरी भराभर लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पिशवीतली चित्रांची कार्डं नीट गोळा करून रबर लावून ठेवून दिली.

त्या हात धुवायला आत गेल्या तेव्हा मी हळूच वही वाचली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रगती समाधानकारक. कार्डं बंद. मेहुणा चालू ठेवणे.’

खरं सांगतो, आजवर माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहून दिलेलं नाही.